लिहिणारे आले, वाचणारे पांगले

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही बऱ्यापैकी चालणाऱ्या सार्वजनिक वाचनालयात सकाळी दहाच्या सुमारास जावे. बाहेर दुचाकी लावायला जागा नसते. आत अभ्यासिकेत मुले-मुली दाटीवाटीने बसलेली असतात. प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याची बाटली, रंगीत पेनांनी रेघा मारलेली वही आणि स्पर्धा परीक्षेचा जाडजूड ठोकळा. कोणी मान वर करत नाही. शेजारच्या खोलीत देवघेव विभाग. तिथे ग्रंथपाल, वर्तमानपत्र चाळणारे दोन-तीन निवृत्त गृहस्थ आणि काचेच्या कपाटांत उभ्या असलेल्या कथा-कादंबऱ्या. एखादी काढून मागचे पान उघडले तर तारखांच्या कागदावरचा शेवटचा शिक्का कित्येक वर्षांपूर्वीचा निघतो. त्याच्या आधीच्या शिक्क्यांना मात्र जागा पुरलेली नसते; एका कागदावर दुसरा कागद चिकटवलेला असतो.

हे चित्र पाहिल्यावर ‘हल्ली कोणी वाचत नाही’ ही नेहमीची तक्रार दुरुस्त करून घ्यावी लागते. लोक वाचतात. मोबाइलवरचे संदेश, बातम्यांचे मथळे, नोट्स, शासन निर्णय धरले, तर दिवसाकाठी नजरेखालून जाणारी अक्षरे आजोबांच्या काळापेक्षा कितीतरी जास्त भरतील. आटले आहे ते साहित्याचे वाचन. परीक्षेत न येणारे, नोकरीत उपयोगी न पडणारे, आपल्याशी काही संबंध नसलेल्या माणसाच्या आयुष्यात चार दिवस राहून येण्याचे वाचन. ते किती आटले, का आटले, त्याने बिघडते काय आणि त्यावर करता काय येईल, याचा हा आढावा.

मोजणी काय सांगते

या प्रश्नाची सगळ्यात पद्धतशीर मोजणी अमेरिकेत झाली. तिथली राष्ट्रीय कला निधी ही संस्था जनगणना विभागाच्या मदतीने दर काही वर्षांनी प्रौढांना साधा प्रश्न विचारते : गेल्या बारा महिन्यांत शाळेसाठी किंवा कामासाठी नव्हे, तर स्वतःहून तुम्ही एखादी कादंबरी, कथा, कविता किंवा नाटक वाचले का? १९८२ साली ५६.९ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटले. १९९२ साली ५४ टक्क्यांनी आणि २००२ साली ४६.७ टक्क्यांनी. १८ ते २४ या वयोगटात तर हे प्रमाण वीस वर्षांत ५९.८ वरून ४२.८ टक्क्यांवर आले. हे आकडे २००४ साली प्रसिद्ध झाले तेव्हा संस्थेचे अध्यक्ष डॅना जोया होते. ते स्वतः कवी, त्यामुळे अहवालातली काळजी केवळ सरकारी नव्हती. २००८ साली आकडा ५०.२ टक्क्यांपर्यंत वर आला आणि सुटकेचा निःश्वास टाकला गेला. तो टिकला नाही. निव्वळ कथा-कादंबरीचे वाचक पाहिले तर २०१२ साली ४५.२, २०१७ साली ४१.८ आणि २०२२ साली ३७.६ टक्के. २०२५ साली आलेल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासानुसार रोज आनंदासाठी काहीतरी वाचणाऱ्यांचे प्रमाण २००४ मधल्या २८ टक्क्यांवरून २०२३ पर्यंत १६ टक्क्यांवर घसरले. त्यात मासिके, ई-पुस्तके आणि श्राव्य पुस्तकेही धरलेली होती, म्हणजे ‘कागद गेला, वाचन राहिले’ असे म्हणायचीही सोय नाही.

आपल्याकडे नॅशनल बुक ट्रस्टने राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेकडून २००९च्या सुमारास युवकांच्या वाचनाची देशव्यापी पाहणी करून घेतली होती. १३ ते ३५ वयाच्या सुमारे ३३ कोटी साक्षर युवकांपैकी जेमतेम चौथा हिस्सा अभ्यासाखेरीज पुस्तके वाचत होता. आणि हे स्वस्त इंटरनेट हातोहाती येण्याच्या आधीचे. पायाच कसा आहे ते ‘असर’च्या शिक्षणविषयक पाहण्या दाखवतात. ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०२२ साली ४२.८ टक्के होती, २०२४ साली ४८.८ टक्के झाली. हा मजकूर म्हणजे एक छोटीशी गोष्ट असते. तेव्हा निम्म्याहून अधिक मुले पाचवीत गेल्यावरही एक गोष्ट सलग वाचू शकत नाहीत. त्यांनी पुढे कादंबरी वाचावी ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

तोच प्रश्न त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा विचारणारी पाहणी मराठीसाठी होत नाही. म्हणून आपल्याकडची चर्चा संमेलनाच्या मांडवात एका टोकाला आणि पुस्तक प्रदर्शनाच्या उद्घाटनात दुसऱ्या टोकाला जाते. एक खूण मात्र व्यवसायातच सापडते. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती वर्षानुवर्षे हजार-अकराशे प्रतींची निघत आली आणि आता कथा-कवितेची पुस्तके त्याहून कमी, तीनशे-पाचशे प्रतीही छापून निघतात. २०११च्या जनगणनेत मराठी भाषकांची संख्या सव्वाआठ कोटींच्या वर होती. हजारांची आवृत्ती धरली तरी दर ८३ हजार मराठी माणसांमागे एक प्रत पडते.

सुवर्णकाळ कोणाचा?

इथे एक सावधगिरी हवी. वाचनाच्या ऱ्हासाचे रडगाणे गाताना मागे कुठेतरी एक सोन्याचा काळ होता असे आपण गृहीत धरतो. एकोणिसाव्या शतकातल्या जाणत्यांची तक्रार तर उलटी होती. ‘मुक्तामाला’सारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या निघू लागल्या तेव्हा तरुण मंडळी, विशेषतः बायका, त्या वाचून बिघडतील अशी धास्ती होती. कादंबरी वाचणे हे तेव्हा आजच्या रील पाहण्यासारखे मानले जाई.

आणि वाचणारे होते तरी किती? १९६१ साली महाराष्ट्रातली साक्षरता ३५ टक्क्यांच्या आसपास होती. २०११ साली ती ८२ टक्क्यांवर गेली. ज्या काळात प्रत्येक घरात ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ येत असे असे आपण म्हणतो, त्या काळात त्या ‘प्रत्येक घरा’च्या बाहेर निम्म्याहून जास्त महाराष्ट्र होता. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. पुढच्या, १८८५च्या सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांनी नाकारले. जे आपल्याला माणुसकीचे हक्क द्यायला तयार नाहीत त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमच्या सभा आणि ग्रंथ जुळणार नाहीत, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. तो काळ कोणाचा होता, याचे याहून स्वच्छ उत्तर दुसरे नाही.

फुल्यांच्या त्या पत्रानंतरच्या शतकाभरात मराठी साहित्याने, उशिरा का होईना, कूस बदलली. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ साली आली. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली. पुढे उर्मिला पवारांचे ‘आयदान’ आले. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’, आसाराम लोमटे आणि किरण गुरव यांच्या कथा, कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ : गेल्या पंचवीस वर्षांतली साहित्य अकादमीच्या पुरस्कारांची मराठी यादी चाळली तरी लेखणी किती वेगवेगळ्या शिवारांत पोहोचली ते दिसते. कोरडवाहू शेतकरी, धरणात उठलेले गाव, तालुक्यातून शहरात आलेला पहिल्या पिढीचा नोकरदार, सगळे पुस्तकात आले.

दुखणे इथेच आहे. मराठी साहित्य जेव्हा खऱ्या अर्थाने साऱ्या महाराष्ट्राचे होऊ लागले, नेमका तेव्हाच वाचक उठून जाऊ लागला. पूर्वी थोडे लोक थोड्या लोकांविषयी लिहीत आणि तेच एकमेकांचे वाचत. आता सगळीकडून लिहिले जाते, पण ज्याने ते वाचायला हवे तो समोर नाही.

साखळी कुठे तुटली

दोष मोबाइलवर टाकणे सोपे आहे आणि काही अंशी खरेही. २०१६च्या अखेरीपासून डेटा स्वस्त झाला आणि एसटीतला, लोकलमधला, जेवणानंतरचा मोकळा वेळ पडद्याने गिळला. ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिकांना स्मार्टफोन वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुले ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. पण ‘सत्यकथा’सारखे वाङ्मयीन मासिक बंद पडले ते १९८२ साली. तेव्हा मोबाइल नव्हता, दूरदर्शनचा पडदाही बहुतेक घरांत पोहोचायचा होता. पडझड जुनी आहे.

पुस्तक लेखकाकडून थेट वाचकाकडे जात नाही. मध्ये बरेच हात असतात. मासिकात कथा येते, कोणीतरी तिच्याविषयी बोलतो, वर्तमानपत्रात परीक्षण येते, ग्रंथपाल ‘हे घेऊन जा’ म्हणतो, शिक्षक वर्गात एक पान वाचून दाखवतो. या हातांपैकी एकेक गळत गेला. वाङ्मयीन मासिके बंद पडली किंवा अनियमित झाली. परीक्षणांची पाने आकसून ‘स्वागत’ आणि ‘पोच’ यांवर आली. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकाची प्रथा तेवढी तग धरून आहे. वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनांना आजही सभासद मिळतात, कारण तिथे मधला हात अजून शाबूत आहे : अंक मिळतो, बदलून मिळतो, आणि बदलताना दोन शब्द बोलले जातात.

ग्रंथालयांचे दुखणे वेगळे. महाराष्ट्रात रत्नागिरी, नाशिक, पुणे, कोल्हापूर इथली वाचनालये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात किंवा मध्याला सुरू झाली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे, मुंबईचे १८९८चे. १९६७च्या कायद्याने या चळवळीला सरकारी अनुदानाचा टेकू मिळाला आणि आज राज्यात अकरा-बारा हजार अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये आहेत. संख्या छाती फुगावी अशी. पण त्यांतली बरीचशी ‘क’ आणि ‘ड’ वर्गातली. तुटपुंज्या अनुदानात वेतन, वीजबिल, वर्तमानपत्रे भागवायची आणि उरल्यात ग्रंथखरेदी. ज्या ग्रंथपालाचा स्वतःचा महिना त्या मानधनात निघत नाही, त्याने वाचकाची आवड ओळखून पुस्तक हातात ठेवावे असे आपण म्हणत राहतो. अभ्यासिकेची फी येते, म्हणून अभ्यासिका वाढते. व्यवस्थापक मंडळाचे त्यात चुकते असेही नाही. पण इमारत वाचनालयाची राहते आणि वाचन बाहेर जाते.

शाळेने साहित्याचे काय केले हे तर आपण सर्वांनी अनुभवले आहे. बहुसंख्य मराठी माणसांचा साहित्याशी आलेला एकमेव संबंध म्हणजे बालभारतीचे पुस्तक. त्यातल्या निवडी चांगल्याही असतात. पण कविता वर्गात शिरते आणि ‘संदर्भासहित स्पष्टीकरण’ होऊन बाहेर पडते. अपेक्षित प्रश्नसंचात तिचे उत्तर तयार असते, ते पाठ केले की कवितेचे काम संपले. दहावी झालेल्या मुलाच्या मनात साहित्य म्हणजे गुणांसाठी सहन करायची गोष्ट, हे पक्के बसते.

चौथा घाव माध्यमाचा. जे घर मराठी पुस्तके विकत घेत होते, त्याच घराने मुलांना आधी इंग्रजी शाळेत घातले. ती मुले घरात अस्खलित मराठी बोलतात, पण देवनागरीचे सलग पान पुढे आले की त्यांची दमछाक होते. ती इंग्रजी कादंबऱ्या वाचत असतील तर आनंदच आहे. मराठीतल्या ‘बारोमास’पर्यंत ती येणार नाहीत. दुसऱ्या बाजूला ज्या घरात आत्ता कुठे पहिला पदवीधर झाला, तिथे भूक आहे पण पुस्तक पोहोचत नाही. जिल्ह्याच्या गावी ‘पुस्तकांचे दुकान’ म्हणजे वह्या, गाइडे आणि प्रश्नसंच. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातही आता सगळ्यात पुढे मांडलेले असतात ते स्पर्धा परीक्षेचेच ढीग.

बिघडते काय

एवढे होऊनही कोणी विचारेल : बरे, नाही वाचल्या कादंबऱ्या, काय बिघडले? साहित्यप्रेमी या प्रश्नाने दुखावतात, पण प्रश्न रास्त आहे.

त्याला एक उत्तर आकड्यांचे दिले जाते. २००४च्या त्याच अमेरिकी अहवालात साहित्य वाचणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोक स्वयंसेवी किंवा धर्मादाय कामात भाग घेत होते. न वाचणाऱ्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. पण शिक्षण आणि सुबत्ता दोन्हीच्या मुळाशी असू शकते. वाचनामुळे माणूस सेवाभावी झाला की मुळातला कुतूहलाचा माणूस दोन्हीकडे वळला, हे आकडा सांगत नाही. दुसरे उत्तर प्रयोगशाळेचे. २०१३ साली डेव्हिड किड आणि इमॅन्युएल कास्टानो यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवले की साहित्यिक कथेचा थोडासा भाग वाचल्यावर लोकांना दुसऱ्याच्या मनातले अधिक चांगले ओळखता येते. जगभर बातम्या झाल्या. तीन वर्षांनी इतर संशोधकांनी तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. आयुष्यभर वाचणाऱ्यांत दुसऱ्याला समजून घेण्याची क्षमता किंचित अधिक आढळते, इतपत म्हणता येते. थोडक्यात, कथा ही डोकेदुखीची गोळी नव्हे. घेतली आणि अर्ध्या तासात माणुसकी आली, असे होत नाही.

वाचलेला माणूस भला असतो असेही नाही. आपल्याकडचा वाचणारा वर्ग पिढ्यान् पिढ्या वाचत होता आणि शिवाशिवही पाळत होता.

मग साहित्याने केले काय, ते आपल्याच इतिहासात शोधावे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ आले १८५७ साली, विधवाविवाहाचा कायदा झाल्याच्या पुढच्याच वर्षी, आणि त्याचा विषय हिंदू विधवांची स्थिती हाच होता. कायदा होता, विधवा घराघरांत होत्या, आणि तरी त्या कोणाला दिसत नव्हत्या. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू करून त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः छापायला घेतली. यमू स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगते. तिच्यासारखी लाल आलवणातली मुलगी वाचकाच्या स्वतःच्या माजघरात वावरत होती, पण तिचे म्हणणे त्याने कधी ऐकले नव्हते. हीच ती वर्षे, जेव्हा संमतिवयाच्या विधेयकावरून महाराष्ट्र दुभंगला होता आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी विवाह केला. कादंबरीने कायदा घडवला असे कोणी म्हणू नये. पण सभेतला वाद ज्या मुलींविषयी चालला होता त्यांचा आवाज कादंबरीतून माजघरात पोहोचला.

‘बलुतं’चे तसेच. ते महारवाड्यातल्या माणसाला नवे नव्हते. त्याने ते भोगले होते. त्याचा धक्का बसला तो ज्यांनी ते कधी पाहिले नव्हते त्यांना. ते पुस्तक छापणारी ‘ग्रंथाली’ १९७४ साली वाचक चळवळ म्हणून उभी राहिलेली होती. सभासदांना सवलतीत पुस्तके, गावोगाव प्रदर्शने, चर्चा असा तिचा पसारा होता. म्हणजे पुस्तकाच्या आधी वाचक जमवलेला होता. आत्मकथन लिहिणाऱ्याने जिवावर उदार होऊन लिहायचे आणि पेठेतल्या, पार्ल्यातल्या घरात ते वाचले जायचे, तेव्हा कुठे ते समाजाचे पुस्तक होते. नाही तर ते ज्याचे त्याने वाचून कपाटात ठेवायचे.

आज याचीच उणीव जाणवते. आरक्षणावरून गावे फुटली, एकमेकांच्या दुकानांत जाणे थांबवण्याची भाषा झाली. समोरच्या जातीविषयी माणसाला जे कळते ते फॉरवर्ड झालेल्या चार ओळींतून. चार ओळींत माणूस मावत नाही, फक्त जात मावते. ‘बारोमास’मध्ये शेती पिकत नाही आणि शिकलेल्या मुलाला नोकरी लागत नाही अशा एका घराची घुसमट आहे. ‘उपरा’मध्ये गावाच्या कडेला पाल टाकून राहणाऱ्यांची. ही दोन्ही पुस्तके ज्याने वाचली त्याचे राजकीय मत बदलेल असे नाही. बदलूही नये कदाचित. पण बोलताना तो जरा अडखळेल. समाज एकत्र नांदायला हे अडखळणे फार उपयोगी पडते.

भाषेचे नुकसान याच्या पाठोपाठ येते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले. परंतु राग, संकोच, पश्चात्ताप यांच्यातल्या बारीक छटा सांगणारे शब्द भाषेत जगतात ते कथा-कवितेत. ते वाचले गेले नाही तर हातात उरते परिपत्रकांची आणि घोषणांची मराठी.

जमेची बाजू

चित्र सगळे काळे नाही. २०२३च्या डिसेंबरात पुण्यात फर्ग्युसनच्या मैदानावर सुरू झालेल्या पुस्तक महोत्सवाला उसळणारी गर्दी खोटी नव्हे आणि त्यात तरुण बरेच असतात. २०१७ साली महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचे भिलार ‘पुस्तकांचे गाव’ झाले. लोकांच्या राहत्या घरांत विषयवार कपाटे मांडली गेली. श्राव्य पुस्तकांनी स्वयंपाक करणाऱ्या, गाडी चालवणाऱ्या हजारो कानांपर्यंत मराठी कादंबरी नेली. कीर्तन ऐकून वाढलेल्या समाजाने ऐकण्याला कमी लेखू नये. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ यांनी जे केले ते गेल्या दहा-पंधरा वर्षांत कुठल्याही कादंबरीला जमले नाही, हेही मान्य करावे. सिनेमाला एक मर्यादा मात्र आहे. तो आपल्याला ‘फँड्री’तल्या जब्याचा चेहरा दाखवतो, त्याच्या मनात सलग आठवडाभर मुक्काम करू देत नाही. आणि उत्सवाचीही मर्यादा आहे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, फोटो निघतात, १६ला कपाट बंद.

म्हणून उपाय प्रेरणेचे नकोत, साखळी जोडण्याचे हवेत, आणि ते फार खर्चिकही नाहीत. राज्याने दर पाच वर्षांनी वाचनाची पाहणी करावी, प्रश्न तेच ठेवून. ग्रंथपालाला जगण्यापुरते वेतन द्यावे आणि ग्रंथखरेदीत त्याचे मत मोजावे. शाळेत आठवड्यातून एक तास असा ठेवावा की ज्यात शिक्षक नुसते वाचून दाखवतील, शेवटी प्रश्न नाही, गृहपाठ नाही. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आहे; ते प्रत्येक वर्गात फाटेपर्यंत हाताळले जावे. गाजलेल्या समकालीन कादंबऱ्यांच्या स्वस्त आवृत्त्या निघाव्यात. आणि वाचनालयांनी एक कुलूप काढावे : अभ्यासिका आणि कथा-कादंबऱ्यांची कपाटे यांच्या मधले.

कारण त्या अभ्यासिकेत बसलेली मुलगी उद्या तहसीलदार होईल. तिच्या टेबलासमोर धरणग्रस्त उभा राहील. फाइलमध्ये त्याचा गट क्रमांक असेल, बुडालेले क्षेत्र असेल, मोबदल्याची रक्कम असेल. उठवलेल्या गावामागे रानात राहिलेल्या म्हशींसाठी माणसाचा जीव का तुटतो, याचा रकाना त्या फाइलमध्ये नसतो. ते ‘रिंगाण’मध्ये आहे, आणि ‘रिंगाण’ आज तिच्या बाकापासून वीस पावलांवर, काचेआड आहे.